दुपारचा पहारा

नत्थुजी माणूस देवभोळा, पण माणसांच्या बाबतीत भोळेपणा त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. कीर्तनात कुणी जरा जोरात मान डोलावली की ते शेजारी बसलेल्या बायकोच्या, गोदाबाईंच्या, कानाशी लागत, "हा आयकून नाही राहिला व, दाखवून राहिला." दूधवाल्यावर संशय, एसटीच्या कंडक्टरवर संशय, फुकट बियाणं देणाऱ्या कंपनीवर तर दुप्पट संशय. गोदाबाई म्हणायच्या, "याईले देव भेटला तरी आधी आधार कार्ड मागतीन."

एक वीणा तेवढी या संशयातून सुटलेली. दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसायचा आणि त्यातली वीणा नत्थुजींच्या सांभाळात असायची. ज्यानं सप्ताह पाहिला आहे त्याला हे सांगायला नको. पण नसेल पाहिला, त्याच्यासाठी सांगतो. पहिल्या दिवशी वीणा गळ्यात पडली की शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन होईपर्यंत ती खाली टेकायची नाही. रात्र असो, पंगत असो, वीणेकरी उभा, तार छेडत, नाम घेत. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो. मग बाप असो की लेक, मालक असो की सालदार. पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. वीणा टेकली, तर सप्ताह मोडला. नत्थुजींच्या हयातीत तो मोडला नव्हता, आणि एवढीच काय ती त्यांची इस्टेट, असं ते मानत.

अशा माणसाला अकोल्याहून बोलावणं आलं. मोर्णा नदीकाठच्या मैदानावर मोठा कीर्तन महोत्सव भरणार होता. साऱ्या वऱ्हाडातून कीर्तनकार, हजारोंचा मंडप, आणि मध्यभागी अखंड वीणा, ती नत्थुजींच्या मंडळाची.

"एवढ्या मोठ्या अकोल्यात त्याईले वीणा भेटत नाही का?" नत्थुजींनी विचारलं. "आपल्यालेच काहून?"

"शहरात भाड्यानं सारं भेटते," पुतण्या श्याम म्हणाला, "उभं राहनारं मानूस भेटत नाही, काका."

हे मात्र नत्थुजींना पटलं. श्याम, गावातला बंडू आणि आणखी दोघे-तिघे वीणेकरी घेऊन ते निघाले. संशयही सोबत निघालाच. त्याला तिकीट लागत नाही.

महोत्सवाची पद्धत अशी होती, की बाहेरगावच्या लोकांनी लॉजवर उतरायचं नाही, शहरातल्या घरांनी त्यांना वाटून घ्यायचं. नत्थुजी आणि गोदाबाई आले हेमचंद्र वकिलांच्या वाट्याला. कॉलनीतला बंगला, दारात तुळस, आत संगमरवर. वकीलसाहेब स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन सामोरे आले.

"मुनिसिपालटीले उभं राहून राहिला असंल," नत्थुजी रात्री पुटपुटले.

"अवो, मानसानं पानी देल्लं तं पिऊन घ्या न चुपचाप," गोदाबाई म्हणाल्या.

वकीलसाहेबांची बायको सिंधू, हिच्यावर संशय घ्यायला विशेष जागा सापडली नाही. पण मुलगी अश्लेषा, तिच्यावर नत्थुजींचा डोळा पहिल्या दिवसापासून. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, केस आखूड, हातात सदा मोबाईल. ती रोज दुपारी मंडपात यायची. दुपारी मंडपात कोण असतं? चैत्राचं ऊन, अकोल्याचं. सकाळचं प्रवचन झालेलं, संध्याकाळचं कीर्तन दूर. झोपलेल्या चार म्हाताऱ्या, कूलरची घरघर आणि गळ्यात वीणा घेतलेला एक माणूस. सगळ्या पहाऱ्यांत दुपारचा पहारा अनाथ. तो नेहमी नत्थुजीच घ्यायचे, कारण दुपारी दुसऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

आणि ही पोरगी नेमकी तेव्हाच समोर येऊन बसायची.

"काकाजी, पट्टा खांद्यावर रुतत नाही का?"

"रुतते."

"मग खांदा बदलता येतो?"

"बदलता येते. तार नाही थांबली पाह्यजे."

"आणि खोकला आला तर?"

"खोकलाचं. नामात खोकलाचं."

ती हसायची. नत्थुजी हसत नसत. संध्याकाळी त्यांनी गोदाबाईंना सांगितलं, "हे पोट्टी काई तरी करून राहिली. व्हिडिओ काढीन आन् खाली आपल्या नावानं काई बी लिहीन."

"तुमचा व्हिडिओ पाह्यते कोन?"

"वीणेचा पाह्यतेत न!"

पाचव्या दिवशी नडलं. श्याम, बंडू आणि बाकीचे वीणेकरी गावात मयत झाली म्हणून पहाटेच जीपनं दर्यापूरला गेले होते. माती देऊन दुपारच्या आत परतणार होते. जीप वाटेत म्हैसांगजवळ बंद पडली. इकडे नत्थुजींनी सकाळचा पहारा घेतला होता, दुपारचाही त्यांच्याच गळ्यात आला. ऊन चढलं, पाय सुजले, डोळ्यांपुढे मंडपाचा पिवळा कपडा लाटांसारखा हलू लागला.

महोत्सवाचा बिल्ला लावलेला पिंटू नावाचा स्वयंसेवक जवळून चालला होता. त्याला नत्थुजींची दया आली. "काकाजी, ठेवा न टेबलावर. पाच मिनटानं काय होते? कोनी पाहून नाही राहिलं."

नत्थुजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पिंटू दोन पावलं मागे सरला आणि चहा आणतो म्हणून जो गेला तो गेलाच. मंडपवाल्यांच्या पोरांना विचारावं, तर एकाच्या तोंडात गुटखा, दुसऱ्यानं सरळ हात जोडले, "आमचं काम बांबूचं, बाप्पा. देवाचं नाही." वर्दळ रस्त्यापलीकडे होती, हाक जाईल एवढा आवाज आता नत्थुजींच्या गळ्यात उरला नव्हता.

"काकाजी, मला द्या."

अश्लेषा समोर उभी होती. पाय धुतलेले, पदर खोचलेला. गळ्यात तुळशीची माळ. ती नत्थुजींना आज पहिल्यांदा दिसली. कालच घातली असंल, त्यांच्या मनात आलं. दिखाव्यासाठी. दुसरं मन म्हणालं, बाईच्या गळ्यात वीणा आपल्या मंडळात कधी गेली नाही. लोक विटाळ काढतील, बंडू तर पहिला काढील. तिसरं मन काही म्हणतच नव्हतं. ते गुडघ्यांत होतं, आणि गुडघे वाकत होते.

तिनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. मग नत्थुजी वाकू लागले, तशी ती झटकन मागे सरली. "अहो नको, काकाजी! तुम्ही कसे..."

"सरू नको मांगं," नत्थुजी दातांत म्हणाले. "वीणेचा कायदा हाय. तुया नाही पाया पडून राहिलो मी."

आणि सत्तरीचा तो माणूस, एका हातानं वीणा सावरत, मुलीच्या वयाच्या बाईच्या पायांशी वाकला. पट्टा तिच्या गळ्यात गेला. तार छेडली गेली. मधे मोडली नाही, एवढं त्यांनी ऐकलं. मग मंडप फिरला.

शुद्ध आली तेव्हा दवाखान्यात सलाईन लागलेलं होतं. उशाशी गोदाबाई, पायथ्याशी सिंधू. नत्थुजींचा पहिला प्रश्न, "वीणा?"

"हाय व्यवस्थित," गोदाबाई म्हणाल्या. "मी कुठी पाहाले गेली, मी तं तुमच्यासंगं आली."

मंडपात परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. जीप पोचली होती. वीणा श्यामच्या गळ्यात होती आणि तिच्यात नत्थुजींना काहीच खोट दिसेना. तेवढ्यात बंडूनं त्यांना कोपरापाशी धरून बाजूला नेलं.

"तुमी गेल्यावर कूलरनं पेट घेतला म्हनते. जाळ झाला, सारे पयाले. आन् काका... वीणा खुर्चीवर ठेवेल दिसली म्हनते."

"कोनाले दिसली?"

"पिंटूले."

नत्थुजी पिंटूकडे गेले. पिंटू म्हणाला, "मी तं पान्याच्या टँकरकडे होतो. मले त्या लायटिंगवाल्यानं सांगतलं." लायटिंगवाला म्हणाला, "मी नाही बाप्पा पाह्यलं, लोकच म्हनून राहिले." लोक म्हणजे कोण, ते सापडेना. कूलर जळाला होता हे मात्र खरं. त्याची काळी पडलेली जाळी मंडपाबाहेर पडली होती. खुर्च्याही होत्या. शेकड्यांनी होत्या.

शेवटी ते अश्लेषापुढे जाऊन उभे राहिले. तिच्या मानेवर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. नत्थुजींनी तो निरखून पाहिला. वळ सांगतो की वीणा गळ्यात होती. पण मधली पाच मिनिटं वळात दिसत नाहीत.

"जाळ झाला तवा तू कुठी होती?"

"उभी होते."

"सारे पयाले."

"हो. मीही बाहेर गेले. वीणा घेऊन." मग तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "ठेवली नाही, काकाजी."

शपथ घेतली नाही, रडली नाही, साक्षीदार सांगितला नाही. खोटं बोलणारा माणूस एवढं थोडं बोलतो का, की पक्का खोटा असेल तोच एवढं थोडं बोलतो? नत्थुजींना ठरवता आलं नाही. "बरं," एवढंच ते म्हणाले.

पण ती दुपार शहरात पसरायला वेळ लागला नाही. प्राध्यापक बाईनं वीणा उचलली, ही बातमी घराघरांत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अनाथ पहाऱ्याला माणसं लाभली. सगळ्या बायका. कॉलनीतल्या आल्या, मोर्णेपलीकडच्या वस्तीतल्या आल्या, बाजारात भाजी विकणारी शकुन टोपली शेजारणीकडे सोपवून आली. बंडू म्हणाला, "हे चुकीचं होऊन राहिलं, काका, बायाईचे दिवस असतेत, कोन पाह्यते?" त्याला उत्तर गोदाबाईंनी दिलं, "तुया जन्माच्या आधी तुया मायचे बी होते रे! देवानं तवा नाही मनाई केली." नत्थुजी मधे पडले नाहीत. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एका खांबाला टेकून ते बसले आणि प्रत्येक बाईच्या हाताकडे, तारेकडे, पट्ट्याकडे बघत राहिले. पोलीस बघतो तसे.

त्यांनी पाहिलं, की शकुनच्या गळ्यातली वीणा घ्यायला वकिलीणबाई सिंधू पुढे झाल्या. एक क्षण दोघी थबकल्या. मग सिंधू वाकल्या, शकुनच्या फुटक्या टाचांवर त्यांनी कपाळ टेकवलं. शकुनला रडू आलं की हसू, ते तिचं तिलाच कळलं नसेल.

काला झाला, वीणा विधीनं उतरली, मंडप उतरला. अकोलेकर आपापल्या कामाला लागले, आणि नत्थुजींनी गावी जाऊन निकाल दिला, "नवं हाय तोवर हाय. दोन मैन्यात बसते खाली सारं."

बसलं नाही. पावसाळ्यात श्याम सरकी आणायला अकोल्याला गेला, तो सांगत आला, की त्या बायका दर एकादशीच्या दुपारी जमतात. एकदा कॉलनीत, एकदा वस्तीत. सिंधूबाईंच्या घरी दारावर आलेल्या माणसासाठी वेगळा पेला होता, तो आता कुठल्या कुठे गेला. "शकुन म्हने, आता भाव पाडून मांगाले वकिलीनबाईची जीभच उचलत नाही," श्याम हसत म्हणाला. तेल्हाऱ्याच्या बायांनी सप्ताहात दुपारचा पहारा मागितला, पातूरच्या बायांनी न मागताच घेतला.

नत्थुजी ऐकत. मनात एकच किडा वळवळे. हे सारं ज्या दुपारवर उभं आहे, त्या दुपारी वीणा खुर्चीवर असेल तर?

वर्षानं महोत्सव अमरावतीला ठरला. बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात तयारीची बैठक होती. समितीचे अध्यक्ष देवीदासजी, सोयाबीनचे मोठे व्यापारी, बोलायला मऊ आणि आत कडक. हेमचंद्र वकील लेकीला घेऊन आले होते, शकुन आली होती, अमरावतीच्या आणखी पाच-पंचवीस बायका भिंतीशी बसल्या होत्या. दुपारचा पहारा त्यांना हवा होता.

"आमची ना नाही," देवीदासजी म्हणाले. "पण कानावर आलं ते बोलतो. अकोल्यात जाळ झाला तवा वीणा खुर्चीवर टेकली, असं बंडूभाऊ म्हनतात. तसं असंल तर सप्ताह तिथंच मोडला, आणि बायांचा पहारा आमी ठेवू शकत नाही. नसंल, तर ठेवू. नत्थुजी, वीणा तुमची. तुमी सांगा. अखंड होती का?"

साऱ्या मंगल कार्यालयाची नजर नत्थुजींवर आली. अश्लेषानं मात्र पाहिलं नाही. ती खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत बसली होती.

नत्थुजींनी दोन्ही बाजू तोलल्या. होती म्हणावं, तर न पाहिल्या गोष्टीची ग्वाही, आणि ती वीणेची. माहीत नाही म्हणावं, तर ते खरं. पण त्या खऱ्यानं भिंतीशी बसलेल्या सगळ्याजणी उठून घरी जातील, अकोल्याची एकादशीही मग किती दिवस टिकेल देव जाणे.

"मी पाह्यलं नाही," ते म्हणाले. "मी दवाखान्यात होतो."

बंडूनं मांडीवर थाप मारली. "झालं! मी काय म्हनत होतो?"

"थांब न बे," नत्थुजी त्याच्याकडे वळले. ती आनंदाची थाप ऐकली मात्र, आणि मुरलेला संशय भलत्याच दिशेला उधळला. "तू पाह्यलं?"

"मी जीपमंधी होतो न."

"म्हंजे तू बी नाही पाह्यलं. बरं. गावच्या सप्ताहात पाहाटचा पहारा तुया असते. तवा मी कुठी असतो?"

"झोपेल असता."

"कोन जागं असते?"

बंडू टोपी सरळ करू लागला.

"कोनीच नसते. कुत्रं बी नसते. तू आन् वीणा. एवढ्या वर्षांत मी तुले कधी इचारलं, का बापा, टेकली का? नाही इचारलं. सकायी उठून येतो, तुया पाया पडतो, आन् वीणा घेतो. तू पाहाऱ्यात हातावर तंबाखू मयते, ते मले ठाऊक हाय. बोटाले चुना असते सकायी. मयतानी तार कोन छेडते रे? तुई आजी?"

सगळीकडे हशा उसळला. बंडूचे कान तांबडे झाले. देवीदासजींनाही रुमाल तोंडाला लावावा लागला. नत्थुजी हसले नाहीत. ते हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते, कारण ही गोष्ट त्यांनाही आत्ताच दिसत होती.

"अखंड, अखंड म्हनत आलो मी. पन सात दिवस, सात राती कोन जागलं? मी नाही जागलो. माया बापानं बी नाही. जो घेते त्याच्या पाया पडाचं आन् झोपाचं, एवढंच आपल्या हातात. मी या पोरीच्या पाया पडलो होतो, देवीदासजी. पाया पडल्यावर इचारपूस नाही राह्यत." त्यांनी अश्लेषाकडे बोट केलं. "ते ठेवली नाही म्हनते. तं ठेवली नाही. वीणा अखंड होती. लिहून घ्याचं तं घ्या."

देवीदासजींनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग भिंतीकडे वळून म्हणाले, "दुपारी ऊन फार असते, बायाहो. कूलर आपल्या घरचे आना. मंडपवाल्याचे भरवशाचे नसतेत."

चैत्रात अमरावतीचा महोत्सव बसला. पहिल्याच दुपारी, जेवणं आटोपल्यावर, नत्थुजींनी मंडपात चादर पसरली आणि ते वीणेकडे पाठ करून आडवे झाले. इतक्या वर्षांत दुपारी मंडपात त्यांनी कधी पाठ टेकली नव्हती.

"झोप येईन का?" गोदाबाईंनी विचारलं.

"येईन न. काहून नाही येनार?"

आली नाही. मिटल्या डोळ्यांनी ते ऐकत होते. पहाऱ्यावर अमरावतीची एक नवी बाई होती, नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तार, नाम, तार, नाम. मग एकाएकी तार थांबली. खांदा बदलून राहिली असंल. का बसली? का टेकली? मानेची शीर न् शीर मागे वळायला ताठली.

गोदाबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

नत्थुजींनी चादरीचं टोक तोंडावर ओढून घेतलं आणि ते तसेच, पाठमोरे, पडून राहिले.